येसबा गुळव्याची निरवानिरव

येसबानं मरणोत्तर मला देऊ केलेलं घोंगडं अजून माझ्या हाती आलेलं नाही, आणि ते इतक्यात येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. तसं घोंगडं चांगलं आहे. काळं, जाड, एका कोपऱ्याला ठिणगी पडून झालेलं बोराएवढं भोक. पण ते मिळायची अट अशी की आधी येसबा मरायला पाहिजे. मधल्या काळात ही अट पुरी व्हायला फार थोडं राहिलं होतं.

मी निवृत्त मास्तरीण. तीस वर्षं कोल्हापुरात पोरांच्या वह्या तपासल्या. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या चुका काढण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावं, म्हणून दर बुधवारी तुरुंगात कैद्यांची पत्रं लिहून द्यायला जाऊ लागले. सुनेनंही या समाजकार्याला भरघोस पाठिंबा दिला.

एका बुधवारी हवालदार माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाला, "बाई, आता जो येतोय न्हवं, त्याला फाशी लागलीया. भिऊ नगा."

आता 'भिऊ नका' म्हटल्यावर कोण भिणार नाही? मी पेनचं टोपण काढून परत लावलं. दाढी वाढलेला, लाल डोळ्यांचा कुणी दांडगा माणूस येईल असं मला वाटलं होतं. आला तो साठीचा, काटकुळा, पुढचे दोन दात नसलेला, नुकती अंघोळ केलेला म्हातारा. दारात थांबला आणि त्यानं दोनदा नाक वर करून वास घेतला.

"बाई, तुमच्या डब्यात मेथी हाय," तो म्हणाला. "जराशी करपलीया."

डबा पिशवीत होता, पिशवी टेबलाखाली होती. मेथी होती, आणि करपली होती. सून म्हणाली होती, कुणाला कळणार नाही.

हा येसबा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुऱ्हाळांवर चाळीस हंगाम काढलेला गुळव्या. उसाचा रस काहिलीत उकळून त्याचा गूळ नेमका कुठल्या क्षणी होतो ते ज्याला कळतं, तो गुळव्या. क्षणभर आधी काहील उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. गुऱ्हाळावर मालक कुणीही असो, त्या क्षणापुरतं राज्य गुळव्याचं. येसबाचं सगळं ज्ञान नाकात होतं.

"काय लिहायचं?" मी विचारलं.

"निरवानिरव करायची हाय."

मी त्याला समजावलं. म्हटलं, येसबा, खालच्या कोर्टानं फाशी दिली म्हणजे लगेच फाशी होत नाही. वरच्या कोर्टानं शिक्कामोर्तब करावं लागतं. तुमचा वकील तिकडे भांडणार आहे. इतक्यात घाई कशाला?

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, काहील चुलवाणावर चढली की गुळव्या पयलं काय करतोय? वाफा पुसून ठिवतोय. वाफा म्हंजे, गूळ वतायचा चौक आसतोय बगा. गूळ झाल्यावर वाफा हुडकत फिरलं तर गूळ काहिलीतच बसंल की. कोर्टाचं काय व्हायचं ते हू दे. आपला वाफा पुसून तयार पायजे."

मी कागद पुढे ओढला.

त्याच्यावर आरोप होता दोन खुनांचा. गुऱ्हाळाचा मालक आणि त्याचा भाऊ, दोघं एका सकाळी इंजिनाच्या खोलीत मारलेले सापडले. आदल्या दिवशी येसबाचं मालकाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. मालकाला गुळात साखर मिसळायची होती, म्हणजे रंग उजळतो आणि वजन भरतं. येसबाला साखरेचं नावही चालत नसे. तो तिला 'पांढरी' म्हणायचा आणि चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचा. मालकानं पोतं फोडल्यावर हा सगळ्यांसमोर ओरडला, "पांढरी काहिलीत पडली तर तुला बी त्यातच घालतो! जित्ता सोडत न्हाय!" आठ माणसांनी हे ऐकलं होतं, आणि आठही जणांनी कोर्टात खरं ते सांगितलं. कोयता येसबाचाच निघाला. गुऱ्हाळावर कोयता कुणाचा आणि कोण वापरतो, याला काही धरबंध नसतो म्हणा, पण ते कोण ऐकतो?

आता यात आमच्या मुलखाचा दोष किती आणि येसबाचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. आमच्याकडे 'तुला जिवंत सोडत नाही' हे वाक्य सकाळपासून निजेपर्यंत चालू असतं. पोरगं दूध पीत नाही, सोडत नाही. जावई जेवायला थांबत नाही, सोडत नाही. माझ्या शेजारणीनं हे वाक्य माझ्या नवऱ्याला उद्देशून कैकदा म्हटलंय, आणि दर दिवाळीला चकल्याही पाठवल्यात. ते वाक्य न्यायालयाच्या कागदावर शुद्ध भाषेत उतरलं की मात्र वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

खून त्यानं केला की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला खात्री नव्हती, हे खरंच सांगते. एकदा तो आपणहून म्हणाला, "माझ्या हातनं झालं आसतं तर मी तितंच चुलवाणाम्होरं बसून ऱ्हायलो आसतो बाई. पळून कुटं जातोय?" एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही.

पहिली निघाली ती म्हैस. ती राधानगरीकडच्या बहिणीला द्यायची होती. तसं त्याला अटक झाल्यापासून ती तिच्याकडेच होती, पण येसबाचं म्हणणं, सांभाळायला दिलेली वेगळी आणि कायमची दिलेली वेगळी. पत्र गेलं. पंधरा दिवसांनी बहिणीचं उत्तर आलं, की दादा, म्हैस तुझी आठवण काढते, दूधच देत नाही, दारात आणून बांधलेलं ओझं झालंय.

येसबानं कपाळाला हात लावला. "चुकलं की. सांगायचंच ऱ्हायलं. शिवी दिल्याबगार ती पान्हा सोडत न्हाय."

"शिवी?"

"सवय हाय तिला. ल्हानपणापासनं. माझी भन माळकरी, ती म्हशीला आई म्हणत आसंल. कशाची देती दूध! लिवा बाई, मी सांगतो तशा लिवा."

आणि मग मी, जिनं तीस वर्षं वर्गात तोंड सांभाळून बोला म्हणून छड्या मारल्या, तिनं, स्वच्छ वळणदार अक्षरात म्हशीला द्यायच्या शिव्या लिहून घेतल्या. पहिल्या दोन साध्या होत्या. तिसरीपाशी माझं पेन अडलं. येसबा म्हणाला, "ती गाळू नगा, तिच्यावरच निम्मं दूध हाय." तुरुंगातून जाणारं पत्र साहेब वाचून मगच सोडतात. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले आणि शिक्का मारला. महिन्याभरानं बहिणीचा निरोप आला की म्हैस दूध देते आहे, शिव्या शेजारचा एक माणूस येऊन देऊन जातो, ती स्वतः तेवढा वेळ घरात जाऊन हरिपाठ म्हणते.

चपला त्यानं बरॅकीतल्या चंदगडच्या एका कैद्याला दिल्या. करकर वाजणाऱ्या, चांगल्या जाड तळव्याच्या. "फाशीला अनवानीच न्हेत्यात म्हणं," तो म्हणाला, "मग कशाला कुजवायच्या?" तो कैदी सुटला आणि त्या वाजवत चंदगडच्या एसटीत बसून गेला. घराचा कागद लेकीच्या नावानं झाला. आणि घोंगडं माझ्या. मी म्हटलं, कैद्याकडून काही घेण्याची मला परवानगी नाही. तो म्हणाला, "आता कुटं देतोय? मेल्यावर घ्या. मेलेला मानूस कैदी नसतोय."

सगळं वाटून झाल्यावर दोन-तीन बुधवार तो नुसताच येऊन बसला. काहीतरी राहिलं होतं. शेवटी एकदा म्हणाला, "बाई, एक वही आणशिला?"

त्याला त्याची विद्या लिहून ठेवायची होती. लेकीसाठी.

लेक सुरेखा. एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. कागलजवळच्या एका गावात दिलेली. सासरी एक लहानसं गुऱ्हाळ होतं, पण धड गुळव्या टिकत नव्हता, त्यामुळे दर हंगामाला गूळ बिघडायचा. बापाला फाशीची शिक्षा झाल्यापासून तिचं येणं बंद झालं होतं. सासरच्यांनी बंद केलं की तिनं, ते येसबाला माहीत नव्हतं आणि तेच त्याला खात होतं. फाशीबद्दल तो माझ्याशी भाजीच्या भावासारखं बोलायचा. लेकीचं नाव निघालं की मात्र खिडकीकडे बघत बसायचा.

"बाईमानूस काहिलीपाशी उभं ऱ्हात न्हाय," मी मुद्दाम त्याच्याच बोलीत म्हटलं.

"का? नाक न्हाय व्हय तिला? माझ्यापरास तेज नाक हाय पोरीचं."

लिहायला घेतलं तेव्हा आमचं दर बुधवारी वाजू लागलं. मी विचारायची, जाळ किती वेळ? तो म्हणायचा, वेळ न्हाय, वास. मी म्हणायची, वास वहीत कसा लिहू? त्यावर तो विचार करायचा आणि सांगायचा, "लिवा. तुझी आई हुळीला पुरान शिजवायची, डाळ मऊ झाल्यावर घरभर यायचा त्यो वास आला, की मळी काढायची थांबव." पुढे, "तू ल्हान आसताना आजारी पडलीस, तवा तुला दुदात हळद घालून दिली, त्यो वास आला की जाळ निम्मा कर." मी वैतागून पेन ठेवलं. म्हटलं, येसबा, हे वाचून दुसऱ्या कुणाला काय कळणार?

"दुसऱ्याला कशाला कळाय पायजे?" तो म्हणाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी गुपचूप पेन उचललं.

एके दिवशी त्यानं मला विचारलं, "तुमाला ह्यातलं बरंच ठावं दिसतंय. तुमच्यात कोन हुतं का गुऱ्हाळावर?" मी सांगितलं. माझे आजोबा गुऱ्हाळावर जाळ घालायचे. जन्मभर चुलवाणाच्या तोंडाशी. काहिलीला मात्र त्यांना हात लावू देत नसत. आम्ही बौद्ध झालो ते नंतर, पण त्यानंतरही बरीच वर्षं काहील लांबच होती. आजोबांना गूळ कधी होतो ते कळायचं, पण त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नाही.

येसबा टेबलाकडे सरकला. मग म्हणाला, "जाळ घालनाऱ्याला सगळं कळतंय बाई. आमी गुळवे वरनं नाक घालून मिरवतो. जाळ त्याच्या हातात आसतोय." आणि थोड्या वेळानं, "आज्याचं नाव काय?" मी नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा मोठ्यानं म्हटलं, आणि वहीच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या नावाच्या वर, ते लिहायला लावलं. त्या दिवशी घरी जाताना मी सरळ चालत गेले, रिक्षा केलीच नाही.

वही संपत आली. शेवटच्या पानावर तो म्हणाला, "लिवा. काय चुकलं तर मला इचार." मी लिहिलं. त्यानं ऐकलं, आणि मग त्याचा चेहरा कसा तरी झाला. "खोडा ते," तो म्हणाला. "मी कुटं आसनार हाय." मी त्या ओळीवर एक रेघ मारली. मास्तरकीत हजारो ओळी खोडल्या असतील, हिच्यावर दुसरी रेघ मारली नाही.

साहेबांनी पानं चाळून शिक्का मारला, आणि वही मीच घेऊन गेले. कागलला उतरून पुढे वडापच्या जीपनं. सुरेखाच्या सासूनं दारातच अडवलं. "कोन पावणं? काय काम?" मी खरं सांगितलं. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "त्या घरचं काय बी नगं आमाला." मी म्हटलं, बरं, आणि वही ओट्यावर ठेवून पाणी मागितलं. मास्तरणीला पाणी नाही म्हणायची हिंमत अजून तरी कुणाला झालेली नाही. पाणी घेऊन सुरेखा आली. बापासारखीच काटकुळी. तिनं तांब्या माझ्या हातात दिला, वही उचलून पदराखाली घेतली, आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात एवढंच विचारलं, "आबा जेवतोय न्हवं?"

मी पुढच्या बुधवारी ते येसबाला सांगितलं. "जेवतोय न्हवं, आसं इचारलं?" त्यानं मला ते तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "झालं. आता वाफा पुसला."

त्यानंतर वरच्या कोर्टाचा निकाल यायला बराच काळ गेला. त्या काळात येसबा मजेत होता, मी नव्हते. वकिलाचा फोन वाजला की हातातलं टाकून मी धावायची. सून म्हणायची, आई, तुम्हीच फाशीवर जाणार असल्यासारखं करताय.

मग एका दुपारी फोन आला. निर्दोष. वरच्या कोर्टानं म्हटलं होतं की रागाच्या भरात मारलेल्या एका आरोळीवर आणि सगळ्यांच्या वापरातल्या कोयत्यावर माणसाला फासावर देता येत नाही. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसले आणि मोठ्यानं रडले. सून धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, अगं कुणी गेलं नाही, कुणी गेलं नाही! आणि उठून डब्यातला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. मारणारा मग कोण, याचं उत्तर त्या दोघांच्या घरच्यांना अजून मिळालेलं नाही, आणि ते माझ्या मनातून जात नाही. पण त्या दुपारी मला दुसरं काही सुचलं नाही.

तो सुटला त्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. एप्रिलचं ऊन, डांबर तापलेलं. येसबा बाहेर आला तो घोंगडं खांद्यावर आणि पाय अनवाणी. चटके बसायला लागले तसा टुणटुण उड्या मारत माझ्याकडे आला.

"चपला?"

"चंदगडला."

आम्ही समोरच्या टपरीच्या सावलीत बसलो. त्यानं बिनसाखरेचा चहा मागितला. टपरीवाला म्हणाला, "शुगर हाय काय पावणं?" येसबा म्हणाला, "न्हाय, तत्त्व हाय." मग चहा पिता पिता त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाई, उभ्या जन्मात मी काहील कधी लौकर उतरली न्हाय. आन सोताचीच उतरली की! काकवी झाली माझी. रस बी न्हाय, गूळ बी न्हाय. घर लेकीचं, म्हस भनीची, चपला चंदगडला. आता ऱ्हाऊ कुटं आन करू काय?"

"परत मागा," मी म्हटलं.

"दिलेलं मागत्यात व्हय? मेल्यावानी दिलतं मी. मनापासनं." मग खांद्यावरचं घोंगडं त्यानं जरा घट्ट धरलं. "ह्ये बी तुमचं हाय. पर मी मेल्यावर घ्यायचं ठरलंय, तवर वापरतो."

बहिणीनं म्हैस परत द्यायची तयारी दाखवली, ती त्यानं एक शिवी देऊन नाकारली. ती शिवी म्हशीला होती की बहिणीला, हे कळलं नाही. तो राहायला मात्र गेला लेकीच्या नावावर झालेल्या आपल्याच घरात, आणि भेटेल त्याला सांगू लागला की मी भाडेकरू हाय.

मी त्याला अलीकडे पाहिलं ते कागलकडच्या त्या लहान गुऱ्हाळावर. बाप निर्दोष ठरल्यावर सासरचं दार त्याला उघडलं होतं, आणि सुरेखाचा निरोप आला होता, बाई, आधण बघायला या, म्हणजे काहीलभर रसाचा गूळ होताना बघायला. मी पोचले तेव्हा काहील रटरटत होती, चौघं माणसं ती उतरवायला दांड्याला हात लावून उभी होती, आणि काहिलीपाशी पदर खोचून सुरेखा. सासू बाजूला वाफा पुसत होती. माझ्याकडे बघून तिनं तोंड फिरवलं, पण गुळाचा पहिला खडा पुढे मलाच मिळाला.

येसबा पंधरा हात लांब घोंगड्यावर बसला होता. काहिलीकडे पाठ करून. मी जवळ गेले तर ओठांवर बोट ठेवलं. त्यानं लेकीला शब्द दिला होता म्हणे, की मध्ये तोंड घालणार नाही. मग दोन्ही हात परत मांड्यांखाली दाबून धरले. नाक मात्र आकाशाकडे.

सुरेखानं पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी केली, बघितली. माणसांनी दांडा घट्ट धरला. तिनं तोंड उघडलं आणि थांबली. मग कट्ट्यावर पडलेली वही उचलली आणि पानं उलटत शेवटावर गेली. माझं अक्षर मला लांबूनही ओळखू आलं, आणि मी मारलेली रेघही. रेघ एकच होती. रेघेखालची ती ओळ सगळी वाचता येत होती.

सुरेखानं मान वळवली. "आबा," तिनं हाक मारली, "उतरू काय?"

येसबाचे हात मांड्यांखालून निघाले. त्यानं मागे वळून बघितलं नाही. एकदा खोल वास घेतला.

"थांब," तो म्हणाला. "आजून जरा हाय."

आणि आम्ही सगळे थांबलो.